धामणखेड बस आणा अभियान (ऑनलाइन)

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. पूर्णपणे खासगी. चरित्रकारानेसुद्धा आधी परवानगी घ्यावी.

कारण तसंच आहे. आज सकाळी इंटरनेटवर सामाजिक संस्थांसाठीचा एक फुकट खजिना सापडला. त्याला टूलकिट म्हणतात. मोर्चा नको, निवेदन नको, साहेबांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसणं नको. वर्ध्यात घरी बसून, बनियनवर, शासन हलवता येतं. ऑनलाइन सह्या, ईमेल मोहीम, हॅशटॅग, डॅशबोर्ड, सगळं तयार. आपण फक्त मुद्दा टाकायचा.

इतकी वर्षं मी 'उत्कर्षदीप बहुउद्देशीय ग्रामविकास संस्था' चालवतो आणि हे मला कोणी सांगितलं नाही. बहुउद्देशीय असण्याचा हा तोटा. उद्देश इतके, की एकही धड दिसत नाही.

संकल्प: रोज सकाळी पाचला उठून टूलकिटचा एक धडा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आठला उठलो. पण मुद्दा मिळाला.

आकांक्षाचा फोन आला. माझी पुतणी, महादेवदादाची मुलगी. आमच्या मूळ गावी, रोहण्याच्या पुढे आत, धामणखेडला राहते आणि आर्वीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणाली, दिवाळीच्या पाडव्यापासून एसटी गावात येतच नाही. फाट्यावरूनच वळून परत जाते. फाट्यापासून गाव चांगलं तीन किलोमीटर. संध्याकाळी पोरी अंधारात चालत येतात, दोन्हीकडे कपाशी, त्यात रानडुकरं. दोघी-तिघींना तर घरच्यांनी कॉलेजातूनच काढलं. दादा कापूस वेचणीत, रोज गाडीवर सोडणं त्याला जमत नाही. हिची हजेरी घसरली, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

पुढे म्हणाली, "काका, तुमी एकदा फाट्यावर येऊन पाहा ना. थे कमानीचं..."

मी तिथेच थांबवलं. म्हटलं, बेटा, ग्राउंडवर नंतर. आधी ॲनालिसिस. आणि शब्द दिला: आठ दिवसांत बस तुझ्या दारात.

दैव पाहा. त्याच पाडव्याला आपण फाट्यावरच्या कमानीला संस्थेची पाटी लावली. कमानीवर गावाचं नाव आधीच होतं, वर जागा नव्हती, म्हणून लोखंडी पाटी खालून वेल्ड करून लोंबती ठेवली. सातही पदाधिकाऱ्यांची नावं. माझं जरा मोठ्या अक्षरात, कारण सचिवाला काम जास्त. गावासाठी आपण इतकं करावं, आणि नेमकी त्याच दिवशी शासनाने बस बंद करावी!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टेकहोल्डर मॅपिंग केलं. म्हणजे एका कागदावर गोल काढायचे आणि ते बाणांनी जोडायचे. मधला गोल मी. सुंदर दिसतं.

छायाला दाखवलं. छाया माझी बायको आणि संस्थेची अध्यक्ष. ती अध्यक्ष आहे, कारण नोंदणीच्या दिवशी घरात तीच होती. तिने विचारलं, डेपोत फोन केला का? मी समजावून सांगितलं की फोन ही जुनी पद्धत आहे, त्याने एकाच माणसाशी बोलता येतं. ती म्हणाली, एकच माणूस लागतो. मग तिने लॅपटॉप उचलून नेला. दहावीची पोरं ऑनलाइन वाट पाहत होती. घर त्या शिकवण्यांवर चालतं हे मान्य, पण समाजकार्य कशावर चालावं?

९ नोव्हेंबर, रविवार

ऑनलाइन पिटिशन लाँच केलं. शीर्षक: 'मोबिलिटी जस्टिस फॉर रुरल सेंट्रल इंडिया'. धामणखेडचं नाव शब्दमर्यादेत बसलं नाही.

फोटो मात्र जबरदस्त. फाट्यावरची कमान, तिच्याखाली आपली पाटी, आणि मागे बस वळून परत जाताना. गुलाबने काढून पाठवला. दुर्दैवी पण परिणामकारक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सह्या: तीन. मी, नागपूरचा साळा आणि ब्राझीलचा एक गृहस्थ. मुद्दा आंतरराष्ट्रीय झाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आठ दिवस संपले. तसं मी 'कामकाजाचे दिवस' म्हणालो होतो. आकांक्षाला 'कामकाजाचे' ऐकू गेलं नसावं. रेंजचा प्रॉब्लेम.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सह्यांसाठी गुलाबला कामाला लावलं. गुलाब आमच्या संस्थेचा सदस्य, धामणखेडचाच. रोहण्याला त्याचं मोबाईलचं दुकान आहे. पंचक्रोशीतले सगळे फोन त्यानेच विकले आणि त्यानेच चालू करून दिले. म्हणाला, "भाऊ, टेन्शन नका घेऊ. पूर्न गावाच्या सह्या मारून देतो."

याला म्हणतात कम्युनिटी मोबिलायझेशन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सह्या चारशेच्या वर!! डॅशबोर्डची रेघ उभीच चढली. पाहता पाहता चहा गार झाला. छायाला हाक मारून दाखवलं. म्हणाली, बस आली का?

या बाईला प्रोसेस कळत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पिटिशन बंद पाडलं. वेबसाइटवाल्यांचा मेल आला: एकाच व्यक्तीने एकाच ईमेलवरून शेकडो सह्या केल्या आहेत. शेवटी मायेने विचारलंय, आपण कुठल्या तणावात आहात का, आणि मदतीसाठी नंबर दिलाय.

गुलाबला फोन केला. तेव्हा कळलं. लोक नवा फोन घेतात, त्यावर ईमेल लागतो, पासवर्ड लागतो, आणि तो आठवड्यात विसरतात. म्हणून गुलाबने सगळ्या गावाच्या फोनला स्वतःचाच ईमेल टाकून ठेवलाय. पासवर्ड त्याच्या लग्नाची तारीख. सही खरी आहे का ते विचारणारे मेल सगळे त्याच्याकडेच गेले आणि हा दुकानात बसून 'हो, हो' दाबत होता. म्हणाला, "लोकं पासवर्ड इसरतात, मंग मलेच तरास. म्हून एकच ठेवला. आजपर्यंत कोनाची तक्रार नाई."

गावातल्या सगळ्यांचे फोटोही त्याच्याच फोनवर जमा होतात म्हणे. त्याची तक्रार एवढीच, की लोक बैलांचे फार काढतात.

म्हणजे जगाच्या लेखी आख्खं धामणखेड हा एकच माणूस आहे. यावर लेख लिहायला हवा. नंतर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खचलो नाही. टूलकिटमध्ये पुढचं हत्यार आहे: आपोआप जाणारे ईमेल. एकदा बटण दाबलं की डेपो मॅनेजरला दर थोड्या वेळाने मेल जातो. बटण दाबलं. गाढ झोप लागली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डेपोतून फोन! शासन हललं!

मॅनेजर म्हणाले, "साहेब, माही मेलपेटी भरून गेली. ड्रायव्हरायचे रजेचे अर्ज बी येऊन नाई राह्यले. थे पाटी काढून घ्या न् मी गाडी पाठवतो. गावात गाडी पाठवाले आमाले काय हरकत हाय?"

कुठली पाटी, असं विचारणार होतो. पण टूलकिटमध्ये स्पष्ट बजावलंय: अधिकारी मूळ मुद्दा भरकटवतात, त्यांच्या जाळ्यात अडकू नका. मी नम्रपणे फोन ठेवला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरपंच सुलोचनाताईंचाही फोन. त्याही पाटीवरच. म्हणाल्या, "भाऊ, गाव तुमचंच हाय. पन गाडीले वाट द्या." दोघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळतं. म्हणजे आतून संगनमत. कागदावरचा सरपंचांचा गोल लाल केला.

२ डिसेंबर, मंगळवार

शेवटी फाट्यावर गेलो. टूलकिट म्हणतं, आकड्यांपेक्षा माणसाची गोष्ट परिणाम करते, व्हिडिओ करा. आकांक्षा पाठीवर दप्तर घेऊन चालतेय, मागे सूर्य मावळतोय, असं डोक्यात होतं.

बस आली. कमानीपाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, हातातली काठी वर करून आपल्या पाटीला टेकवली, मग बसच्या टपाला टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. आकांक्षा म्हणाली, "पाह्यलं ना काका? टपाले लागते थे. तुमाले कवाची सांगून राह्यली मी."

आता सगळा उलगडा झाला. बस वीतभर जास्त उंच आहे.

सरकार शहरांचा विचार करून बस बनवतं आणि खेड्यांच्या माथी मारतं. नवीन मागणी: ग्रामीण महाराष्ट्रासाठी कमी उंचीच्या बस. आज रात्रीच नवं पिटिशन. गुलाबला कळवायचं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

काल दादाकडेच मुक्काम केला. हे लिहू नये असं वाटत होतं, पण डॉक्युमेंटेशन म्हणजे डॉक्युमेंटेशन.

जेवताना दादा म्हणाला, गावातली पोरं दिवाळीपासून पाटी कापायला निघाली आहेत. यानेच त्यांना थांबवून ठेवलंय. म्हणाला, "माह्या भावाचं नाव हाय त्याच्यावर. दुसऱ्यानं कापलं तं गावात त्याची इज्जत काय राह्यली? तू आपल्या हातानं काढजो धन्या. मंग बोलनं नाई राहत कोनाचं."

म्हणजे स्वतःची पोरगी अंधारातून चालत येते आणि हा माझी पाटी राखत बसलाय. वहिनी भाकरी वाढत होत्या. मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

शिडी कोपऱ्यात होती. दादाने ती आधीच आणून ठेवली होती.

पण भावनेच्या भरात निर्णय घेणं संस्थेच्या शिस्तीत बसत नाही. पाटी ही संस्थेची मालमत्ता. ठराव लागेल, कोरम लागेल. दादाला तसं समजावलं. तो 'बरं' म्हणाला आणि शिडी गोठ्यात ठेवून आला.

६ डिसेंबर, शनिवार

ऑनलाइन मतदान घेतलं. प्रश्न: संस्थेची दृश्यमानता कायम ठेवावी काय?

९ डिसेंबर, मंगळवार

निकाल: काढा, पाच. साळ्याने 'शुभ सकाळ' आणि गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवलं. काढू नये, एक (मी). छायाने 'काढा' वर टिचकी मारून शेरा लिहिला: 'आज.'

निष्कर्ष: जनमत विभागलेलं आहे. आणखी चर्चेची गरज.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आनंदाची बातमी! टूलकिटवाल्यांनी वीस तारखेच्या वेबिनारमध्ये बोलायला निवडलं. तीन मिनिटं. विषय: 'क्लिकपासून बदलापर्यंत'. देशभरातल्या संस्था ऐकणार.

अडचण एकच. बदल अजून यायचाय. क्लिक झालेत.

१६ डिसेंबर, मंगळवार

दादाचा फोन. आकांक्षा शुक्रवारी संध्याकाळी फाट्यावरून येताना डुकरं आडवी आली म्हणून पळाली, खड्ड्यात पाय गेला. मुरगळलाय. आता एक दिवसही बुडाला तर परीक्षा गेली असं कॉलेजने सांगितलंय, म्हणून पट्टी बांधून लंगडत जाते. दादाने पाटीचं नाव काढलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, तुले सांगून ठेवलं.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. दुपारी जेवलो नाही. तिच्यासाठी हॅशटॅग केला: #पायमुरगळलातरीचालते. नऊ जणांना आवडला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

छाया सकाळीच तयार. शिकवण्यांना सुट्टी दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा. धामणखेडला जाते म्हणाली. जाताना दारातून विचारलं, रोहण्यात वेल्डिंगवाला कोण आहे? म्हटलं, गुलाबला विचार.

छान झालं. दिवसभर लॅपटॉप मोकळा. स्लाइड्स पूर्ण केल्या. शेवटच्या स्लाइडवर माझा फोटो, हात जोडलेला.

२० डिसेंबर, शनिवार

विजय! विजय! विजय!

सकाळी गुलाबचा मेसेज: 'भाऊ गाडी गावात आली. बायायनं ड्रायव्हरले ओवाळलं.' नव्या पिटिशनच्या पानावर 'विजय जाहीर करा' असं हिरवं बटण असतं. दाबलं. पडद्यावर रंगीत कागद उडाले. डोळे भरून आले.

वेबिनार झकास. दिल्लीच्या मॅडमनी विचारलं, नेमक्या कुठल्या टप्प्यावर यंत्रणा हलली? म्हटलं, हॅशटॅगनंतर. त्यांनी लिहून घेतलं.

छाया शेजारच्या खोलीत दहावीची आजची शिकवणी मोबाईलवर घेत होती. मी 'हॅशटॅगनंतर' म्हटलं तेव्हा तिचं शिकवणं मध्येच थांबलं. भिंत पातळ आहे आमची.

पाटी गॅलरीत आहे, गोणपाटात. काल रात्री ऑटोतून आणली तिने. एका बाजूने कापल्याचे व्रण. अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात देखभालीसाठी उतरवलेली दिसते. ठराव मागाहून मंजूर करून घेता येईल. बस आणि पाटी यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण टूलकिट सांगतं: एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे.

छायाला विचारलं, दादा काय म्हणाला? म्हणाली, "दादा आले नाहीत. घरातच बसून होते."

२३ डिसेंबर, मंगळवार

विजयाचा फोटो हवा म्हणून आज धामणखेडला गेलो. आर्वीहून, त्याच बसने. सत्काराची वेळ आली तर असावा म्हणून पिशवीत नारळ घेतला.

बस खच्चून भरलेली. उभाच होतो. शेजारी एक गृहस्थ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. कंडक्टरबाईंनी विचारलं, कुठलं देऊ? म्हटलं, धामणखेड. लगेच शेजारचे म्हणाले, "जा आता मस्त बसून. नाईतं दोन मयने फाट्यावरून तंगड्या तोडल्या आमी. वर्ध्याचा कोनी शहाना हाय, त्यानं सोताचं नाव टांगलं न् गाडीच बंद पाडली."

बस हसली. पूर्ण बस. एक म्हातारी म्हणाली, "नाव मोठं न् कमान लहान."

मीही हसलो. हसावंच लागतं. कंडक्टरबाईंनी तिकीट फाडता फाडता विचारलं, कोणाच्या घरी जायचंय? सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हणालो, कोणाकडेच नाही. मी नागपूरचा. धामणखेडात कोणाला ओळखत नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लोक पाहतच राहिले, म्हणून पुढे म्हणालो, काही लोकांना नावाची फार हौस असते. "बराबर बोलले भाऊ," सगळे म्हणाले. खर्रावाल्यांनी खर्रा पुढे केला. मी खात नाही, पण घेतला.

रोहण्याला बरेच जण उतरले, गर्दी फुटली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका! ओ काका! इकडं या ना. जागा धरली तुमच्यासाठी."

आकांक्षा. पायाला पट्टी, शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून जागा अडवलेली. चेहरा असा फुललेला, की मागे वळून पाहावं, आपल्यामागे कोणी मोठा माणूस उभा आहे का. कंडक्टरबाईंना मोठ्या आवाजात सांगत होती, "माहे काका हाय. वर्ध्याचे. संस्था हाय त्यायची."

खर्रावाले खिडकीबाहेर पाहू लागले.

जाऊन बसलो. खर्रा तोंडात, त्यामुळे बोलता येईना. ती सांगत राहिली, आता एकही दिवस बुडत नाही, परीक्षेला बसू देतील असं कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, छायाकाकू त्या दिवशी किती वेळ वेल्डिंगवाल्याची शिडी धरून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाली, "बाबा म्हनत होते, काकाले बोलू नका कोनी. त्याले आधीच लय लागलं असन."

फाटा आला. बस कमानीखालून सरळ आत गेली. वर कोणीच पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

फोटो काढायचा राहिला.